पंचाहत्तरीचे स्टार्टर्स: पीठ न लावता मासे (प्रकल्प नोंदी)

21 डिसेंबर, रविवार

मार्गशीर्ष संपला, आता घरात मासे आणायला मोकळे, म्हणून आजपासून नोंदी सुरू करतेय. बाबांची पंचाहत्तरी 11 जानेवारीला ठरलीय. रविवारच धरला कारण आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा असतोच आणि मधे 6 तारखेला अंगारकी आहे. दादाच्या सोसायटीचा हॉल मिळालाय, पस्तीसेक माणसं होतील, जेवण केटररकडून येणार, म्हणजे वडे, कोंबडीचा रस्सा, भात, वालाचं बिरडं वगैरे. स्टार्टर्स मात्र मी करणार, सगळे माशांचे, आणि त्यात रवा, तांदळाचं पीठ, बेसन, मैदा, बटाटा, पाव यातलं काहीच नाही.

कारण सरळ आहे, बाबा, आत्या आणि काका तिघांनाही डायबेटिस आहे आणि आपल्याकडच्या कार्यक्रमात जेवण दोनच्या आत कधीच लागत नाही, साडेबारापासून प्लेटा फिरत असतात आणि माणसाचं अर्धं पोट तिथेच भरतं. डॉक्टरांनी बाबांना सांगितलंय की मासे हवे तेवढे खा, पीठ कमी करा. आता माशात कार्ब नसतंच म्हटलं तरी चालेल, जे येतं ते आपण वरून लावतो त्यातून येतं. आज सुरमई फ्राय केली तेव्हा रव्याची ताटली आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवून बघितली, एका मध्यम तुकडीला साधारण 8 ग्रॅम रवा चिकटतो. रव्यात 100 ग्रॅमला 70 ग्रॅमच्या वर कार्ब, तांदळाच्या पिठात 80 च्या आसपास, बेसनात साठाच्या थोडं खाली. म्हणजे एका तुकडीमागे पाच-सहा ग्रॅम धरा. बाबा बोलता बोलता चार तुकड्या सहज खातात, म्हणजे जेवायला बसायच्या आधीच एका पोळीपेक्षा जास्त झालं, आणि वर तळणीचं तेल वेगळंच, कारण रवा तेल भरपूर पितो.

24 डिसेंबर, बुधवार

आज फक्त काय करायचं नाही ते ठरवलं. नेटवर शोधलं की बदामाचं पीठ लावा, नारळाचं पीठ लावा, चीज कुस्करून लावा असले उपाय येतात. मला ते पटत नाहीत. बदामाच्या पिठाने मासा गोडसर लागतो, ते पटकन करपतं, आणि पस्तीस माणसांना परवडत पण नाही. त्यापेक्षा ज्या पदार्थांना मुळात पीठ लागतच नाही तेच करावे. आपल्या किनाऱ्यावर असे पदार्थ भरपूर आहेत, फक्त पार्टी म्हटली की आपल्याला फ्राय आणि कटलेटच आठवतात.

बोंबील यादीतून काढला. बाबांचा सगळ्यात लाडका, म्हणून वाईट वाटलं, पण त्याच्यात पाणी इतकं असतं की रव्याचं कोटिंगच त्याला धरून ठेवतं, दाबून वजनाखाली ठेवला, पुसून घेतला, तरी नुसता तव्यावर टाकला की तुटून जातो. त्याची नक्कल करण्यापेक्षा बाबांना घरी एखाद्या रविवारी दोन बोंबील नीट रव्यात तळून देईन, तेवढं डॉक्टर पण चालवून घेतात.

मांदेली नाही, कारण हॉलमध्ये उभ्याने प्लेट धरून गप्पा मारताना म्हाताऱ्या माणसांना काटे नकोत. बांगडा चवीला पहिला नंबर, पण काट्यांचा प्रश्न तोच, आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: बांगडा, कुपा असे मासे बर्फाबाहेर राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, मग अंगावर लाल चट्टे, डोकं दुखणं, उलट्या. घरी चार माणसांना ताजा बांगडा करताना काळजी नाही, पण तीन तासांच्या कार्यक्रमाला ती रिस्क मी घेणार नाही.

पापलेट पण नाही. मोठं परवडत नाही आणि छोटं मला घ्यायचं नाही. 2023 मध्ये सिल्व्हर पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा केलंय, लहानपणीच पकडून पकडून ते कमी होत चाललंय हे सगळ्यांना दिसतंय, तळहातापेक्षा लहान पिल्लं विकत घेऊन आपणच ती पकड वाढवायची नाही असं मला मनापासून वाटतं.

उरले ते रावस, सुरमईचा शेपटीकडचा भाग, सुका जवळा (एकदम बारीक कोळंबी), तिसऱ्या (शिंपले) आणि मिळाली तर गाबोळी (माशाची अंडी).

26 डिसेंबर, शुक्रवार

रावस, टिक्क्यासाठी. ठाण्यात स्टेशनजवळ आमच्या नेहमीच्या मासेवाल्या मावशींकडून अर्धा किलोचा मधला भाग घेतला, त्यांनीच कातडी आणि मधला काटा काढून दिला. रावस यासाठी बरा की मांस घट्ट, पाकळ्या मोठ्या, काटे कमी, आणि इंचभर जाडीचे चौकोन काढले तरी सुटत नाहीत.

टिक्क्याच्या मसाल्यात नेहमी भाजलेलं बेसन घालतात कारण दही पातळ असतं आणि मसाला घसरतो. बेसन काढायचं तर दह्यातलं पाणी आधी काढलं पाहिजे. रात्रभर फडक्यात टांगून ठेवलेला चक्का घेतला, त्यात आलं-लसूण, हळद, आमचा मालवणी मसाला, ओवा हातावर चोळून, थोडं तेल. लिंबू शेवटी.

खरं काम माशातल्या पाण्याचं आहे आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. तुकड्यांना आधी नुसतं मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवलं, ताटलीत पाणी सुटलं ते ओतून दिलं, तुकडे सुती पंचाने दाबून पुसले आणि मग मसाला लावला. बाजूला दोन तुकडे न पुसता तसेच मसाल्यात घातले, फरक बघायला. पुसलेले वरून छान सुकले आणि कडेने लाल झाले, न पुसलेले स्वतःच्याच पाण्यात शिजले आणि मसाला ट्रेमध्ये उतरला. रवा लावायचं अर्धं कारण हेच असतं की तो ओल शोषून घेतो आणि मासा तव्याला चिकटू देत नाही, ओल आधीच काढली की रव्याची गरज बरीच कमी होते.

वर कुरकुरीत काहीतरी हवं म्हणून संक्रांतीच्या निमित्ताने घरात आलेले पांढरे तीळ आणि जवस जाडसर भरडून अर्ध्या तुकड्यांना एका बाजूने दाबून लावले. जवसात जे कार्ब असतं ते जवळजवळ सगळं फायबरच, तिळात पण निम्मं फायबर. चवीला तीळ एकदम मस्त, जवस थोडा चिकट होतो आणि एकट्याचा वास माशाला मारतो, त्यामुळे तीन भाग तीळ आणि एक भाग जवस इतकंच. तीळ लवकर करपतात म्हणून ओटीजीत 200 वर दहा मिनिटं मधल्या रॅकवर, आणि शेवटची दोन मिनिटंच वरच्या कॉइलजवळ. आईने दोन्ही खाऊन बघितले, तिळाचा पास.

28 डिसेंबर, रविवार

आज कटलेटचा प्रश्न सोडवायला बसले कारण लहान मुलांना गोल काहीतरी लागतंच. आपलं नेहमीचं कटलेट म्हणजे उकडलेला मासा कुस्करायचा, त्यात उकडलेला बटाटा, वर ब्रेडचा चुरा. उकडलेला मासा एकमेकांना धरत नाही म्हणून बटाटा लागतो, हे सगळ्यांना माहितीय, पण मासा उकडायचाच कशाला हा विचार कुणी करत नाही.

कच्च्या माशात मीठ घालून मळलं की त्यातलं मायोसिन नावाचं प्रथिन बाहेर येतं आणि सगळं चिकट होतं, गरम केलं की तेच घट्ट बसतं. जपानी लोक सुरिमी याच तत्त्वावर करतात. सुरमईचा शेपटीकडचा भाग स्वस्त मिळतो, तो चमच्याने खरवडून घेतला (काटे मागे राहतात, हे चमच्याचं काम चाकूपेक्षा सोपं आहे), फ्रीझरमध्ये वीस मिनिटं ठेवून एकदम गार केला आणि मिक्सरमध्ये पल्स देऊन जाडसर बारीक केला. अर्धा किलोला साधारण दीड चमचा मीठ आणि थेट हाताने मळायचं, चार-पाच मिनिटं, हाताला ओढ लागेपर्यंत. गार असणं महत्त्वाचं, मिक्सरच्या उष्णतेने मासा गरम झाला की चिकटपणा येत नाही, सगळं भुसभुशीत होतं. मग मिरची, आलं, भरपूर कोथिंबीर, बारीक चिरलेली कांद्याची पात, जिरं, मिरपूड. ओला कांदा नको, पाणी सोडतो.

तेलाच्या हाताने चपट्या टिक्क्या केल्या, बिडाचा तवा चांगला तापवून एक चमचा तेलावर टाकल्या. इथे धीर धरायचा, दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही, खालची बाजू शिजून सुटली की टिक्की आपणच तव्यावर सरकते. अंडं नाही, बटाटा नाही, चुरा नाही आणि तरी एकही फुटली नाही. बाईट थोडा टणक, स्पंजी म्हणता येईल असा, नेहमीच्या कटलेटपेक्षा वेगळा, पण माशाची चव इतकी सरळ येते की मला हेच जास्त आवडलं. भाच्याने सॉस मागितला, त्यात साखर असते हे त्याला सांगून उपयोग नव्हता, मुलांसाठी बाजूला ठेवू.

बांगड्याचा खिमा पण थोडा करून बघितला. तो एवढा धरत नाही, मांस काळपट आणि तेलकट असतं म्हणून. त्याला अंड्याचा पांढरा लागेल. तसाही बांगडा बाद केलाय.

31 डिसेंबर, बुधवार

आत्याकडे डोंबिवलीला गेले होते, किसमूर (सुक्या जवळ्याची कोशिंबीर) शिकायला. आमच्याकडे सिंधुदुर्गात आणि गोव्यात हा प्रकार घरोघरी आहे, जेवणात तोंडीलावणं म्हणून, डाळभाताबरोबर चमचाभर. कुणी पार्टीत ठेवत नाही, पण खरं तर हा स्टार्टरच आहे, थंड, कुरकुरीत, आंबट-तिखट.

आत्याला मी माझं सगळं रवाप्रकरण सांगितलं तर ती म्हणाली, "माशाक पीठ कित्याक होया गो? पीठ वड्याक घाल." तिच्याकडे फ्रायसुद्धा वर्षानुवर्षं नुसत्या मसाल्यात आणि आगळात (कोकमाच्या रसात) व्हायचं, रवा हा मुंबईच्या हॉटेलातून घरात आला असं तिचं ठाम मत आहे.

कृती अशी. सुका जवळा परातीत पसरून नीट निवडायचा, वाळू-कचरा जातो, मोठे डोळे-डोकी दिसली तर तीही काढायची. मंद आचेवर कोरडा भाजायचा, तळहातावर घेऊन चुरडला की चुरा झाला पाहिजे. हा जवळा उन्हात वाळवलेला, बिनमिठाचा असतो, हे बाबांच्या ब्लड प्रेशरसाठी बरं, खारा बांगडा घेतला तर त्याचं मीठ भिजवून काढावं लागतं आणि तरी पूर्ण जात नाही. मग ओलं खोबरं, एकदम बारीक चिरलेला कांदा, भाजलेली सुकी मिरची हाताने कुस्करून, कोकमाचं आगळ, वरून कच्चं खोबरेल तेल अर्धा चमचा. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. खोबऱ्यात 100 ग्रॅमला पंधराएक ग्रॅम कार्ब पण त्यातलं नऊ फायबर, आणि एका घासात खोबरं येतं किती, एक चमचा, त्याची काळजी नाही.

जवळा शेवटच्या मिनिटाला घालायचा. आत्याने दोन वाट्या केल्या, एक लगेच खाल्ली आणि एक अर्ध्या तासाने, दुसरीत जवळा मऊ पडला आणि वास पण जास्त यायला लागला. म्हणजे हॉलमध्ये खोबरं-कांद्याचं मिश्रण वेगळं, भाजलेला जवळा घट्ट डब्यात वेगळा, आणि प्लेट भरताना एकत्र. काकडीच्या जाड चकत्यांवर ठेवणार. चकतीच्या मधलं बियांचं थोडं कोरून वाटीसारखी जागा करायची आणि चकत्या पुसून घ्यायच्या. काकडी न पुसता ठेवली तर तीच जवळ्याला ओला करते.

आत्याच्या घरातून निघताना तिने डबाभर भाजलेला जवळा दिला. घरी आल्यावर दादाच्या मुलीने तो चिवड्यासारखा खाल्ला.

2 जानेवारी, शुक्रवार

पात्रा नी मच्छी. हा पारशांचा पदार्थ, केळीच्या पानात हिरव्या चटणीत वाफवलेला मासा, मुंबईत राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लग्नात अख्खं पापलेट किंवा मोठी तुकडी असते, मला एका घासाची छोटी पुडी करायची होती.

रावसाचे साधारण 35 ग्रॅमचे तुकडे. चटणीत खोबरं, कोथिंबीर, पुदिना थोडा, हिरवी मिरची, लसूण, जिरं, लिंबू. मूळ चटणीत चिमूटभर साखर असते ती घातली नाही, ताज्या खोबऱ्याचा गोडवा पुरतो. चटणी पाणी न घालता वाटायची, नाहीतर वाफेत पातळ होऊन पानाबाहेर येते. केळीचं पान गॅसच्या ज्योतीवरून फिरवलं की रंग बदलतो आणि नरम होतं, मग घडी घालताना फाटत नाही. मधली जाड शीर काढून तिच्याच पट्ट्या सोलून दोऱ्यासारख्या बांधल्या.

वाफवायला मोदकपात्र! एका थरात बारा पुड्या बसतात, पाणी उकळल्यावर आत ठेवल्या की आठ मिनिटं, गॅस बंद करून झाकण न काढता अजून दोन. जास्त ठेवलं तर रावस कोरडा पडतो. तेल शून्य. काका-काकूंसारख्या माणसांना, ज्यांना हल्ली तळलेलं पचत नाही, हाच सगळ्यात हलका प्रकार होईल. आणि याचा आणखी एक फायदा, पुड्या आदल्या रात्री बांधून फ्रीजमध्ये ठेवता येतात, फक्त लिंबू त्यात घालायचं नाही, आंबट रात्रभर लागून राहिलं की मासा वरून पांढरा आणि पिठूळ होतो. लिंबू वाफवून झाल्यावर पिळायचं.

वहिनीने सुचवलं होतं की लिंबात मुरवलेला कच्चा मासा पण करू, ती बाहेर कुठे तरी खाऊन आली होती. मी नाही म्हणाले. लिंबाने मासा पांढरा होतो, शिजल्यासारखा दिसतो, पण जंतू आणि कृमी त्याने मरतीलच याची खात्री नसते, आणि आपल्याकडे सत्तरीच्या पुढचे दहाजण आहेत.

4 जानेवारी, रविवार

तिसऱ्या आणि गाबोळी एकाच दिवशी.

तिसऱ्या जिवंत घ्यायच्या, तोंड बंद असलेल्या किंवा टोचलं की बंद होणाऱ्या. खाऱ्या पाण्यात दोन तास ठेवल्या की वाळू सोडतात. थोड्या वाफेवर उघडून घेतल्या, ज्या उघडल्या नाहीत त्या टाकून दिल्या, एक शिंपली काढून मांस असलेली ठेवली, हीच एकशिपी. वर भाजलेलं नाही, ताजं खोबरं, लसूण, हिरवी मिरची, हळद, आणि उघडताना सुटलेलं त्यांचंच पाणी गाळून. त्या पाण्यात समुद्र असतो, मीठ लागतच नाही. शिंपल्यांमध्ये माशांसारखं शून्य कार्ब नसतं, ग्लायकोजेनच्या रूपात थोडं असतं, 100 ग्रॅमला तीन-चार ग्रॅम, त्याने काही बिघडत नाही. शिंपली हीच वाटी आणि हाच चमचा, प्लेट-काटा काही नको.

एक गोष्ट लक्षात ठेवायची, वहिनीच्या आईंना शिंपले-कोळंबीची ॲलर्जी आहे. तिसऱ्या आणि जवळा दोन्ही हॉलच्या एका टोकाला वेगळ्या टेबलावर, वेगळे चमचे, आणि त्यांच्यासाठी टिक्का आणि पुड्या आधी बाजूला काढून. हे वाढणाऱ्या मुलांना तोंडी सांगून भागणार नाही, कागदावर लिहून टेबलाला चिकटवणार.

गाबोळी मावशींनी आणून दिली, बऱ्यापैकी मोठी. कच्ची थेट तव्यावर टाकली तर पापुद्रा फुटून अंडी तडतडत उडतात, म्हणून आधी हळद-मिठाच्या पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं उकडून, पूर्ण गार करून, मग बोटभर जाडीचे काप. तिखट, हळद, आगळ लावून तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून. मी आत्तापर्यंत जे जे केलं त्यात बिनपिठाचं सगळ्यात कुरकुरीत हेच झालं, अंड्यांचे दाणेच वरून खरपूस होतात. बाबांनी एकट्याने अर्धी संपवली आणि मग आईने ताटली उचलून आत नेली. पण गाबोळी मिळेल याची खात्री देता येत नाही, मावशी म्हणाल्या आली तर ठेवीन. यादीत कंसात.

7 जानेवारी, बुधवार

यादी फायनल: काकडीवर किसमूर, पुड्या, तिळाचा रावस टिक्का, सुरमईच्या टिक्क्या, एकशिपी, (गाबोळी). प्यायला सोलकढी छोट्या ग्लासातून, साखर नाही. बुडवायला चिंचगुळाची चटणी नाही, चक्क्यात कोथिंबीर-मिरची वाटून.

माशांची ऑर्डर मावशींना दिली: रावस साफ करून साडेचार किलो (टिक्का तीन, पुड्या दीड), सुरमई शेपटी हाडासकट अडीच किलो, तिसऱ्यांचे पाच वाटे. त्या पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आणतात, मला शनिवारी सकाळी सात वाजता देतील, तिसऱ्या मात्र रविवारी सकाळीच.

डॉक्टरांना फोन करून एक शंका विचारली. बाबा जेवणाआधीची गोळी घेतात, आणि स्टार्टर्समध्ये कार्ब जवळजवळ नाही, मग गोळी कधी? त्यांनी स्पष्ट सांगितलं की गोळी स्टार्टर्सच्या वेळी घ्यायची नाही, जेवणाचं ताट समोर येईल तेव्हा घ्यायची, कारण गोळी पोटात आणि पीठ-भात दोन तास लांबला तर शुगर खाली जाऊ शकते. हे मी लिहून ठेवतेय कारण लो-कार्ब म्हटलं की सगळे फक्त शुगर वाढण्याचा विचार करतात. तुमच्या घरी कुणी गोळ्या किंवा इन्सुलिनवर असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आत्या आणि काकांना पण आपापल्या डॉक्टरांना विचारायला सांगितलंय.

10 जानेवारी, शनिवार

आईचा शनिवार असल्यामुळे तिने स्वयंपाकघर सोडून दिलं, मी आणि वहिनी सकाळपासून. थर्मोकोलच्या दोन पेट्या, बर्फ. रावसाचे तुकडे केले, मीठ लावून पुसून कोरडे करून ठेवले, मसाला उद्या सकाळी. पुड्या बांधून झाल्या, चाळीस. सुरमई खरवडून, मळून, टिक्क्या करून बटर पेपरवर फ्रीजमध्ये, रात्रभरात अजून घट्ट होतात. चक्का टांगला. तीळ-जवस भरडले. खोबरं आज खवायचं नाही, उद्या, थंडी असली तरी खोबरं आंबायला वेळ लागत नाही.

वहिनीचा हात पुड्या बांधण्यात माझ्यापेक्षा कितीतरी साफ आहे, तिच्या पुड्या वरच्या थरात ठेवायच्या.

11 जानेवारी, रविवार (रात्री उशिरा)

झालं. पाय दुखतायत पण आत्ताच लिहिते.

सगळं एकदम बाहेर ठेवलं नाही, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं आणलं, बाकीचं बर्फावर किंवा कच्चं. मासा खोलीच्या तापमानाला दोन तासांच्या वर ठेवायचा नाही हा नियम पाळला. साडेबाराला किसमूर आणि सोलकढी, कारण दोन्ही थंड आणि माणसं येत असताना तयार ठेवता येतात. मग पुड्या, मोदकपात्र हॉलच्या पॅन्ट्रीत सतत चालू. टिक्का हॉलच्या छोट्या ओव्हनमध्ये थोडा हळू झाला, तिथे दहाऐवजी चौदा मिनिटं लागली. सुरमईच्या टिक्क्या दोन तव्यांवर दादाने केल्या, त्याला एकच सूचना होती की लवकर उलटायच्या नाहीत, आणि त्याने ती पाळली.

सगळ्यात आधी एकशिपी संपली. पुड्या म्हाताऱ्या मंडळींनी अक्षरशः मागून मागून खाल्ल्या, पान उघडलं की वास येतो त्याचंच आकर्षण असावं. किसमूरबद्दल मला थोडी धाकधूक होती, सुक्या माशाचा वास सगळ्यांना चालत नाही, पण देवगडकडची सगळी पिढी त्या टेबलाभोवती उभी राहिली आणि तिकडून हलेना. बाबांचे एक जुने मित्र, जे बँकेत त्यांच्याबरोबर होते, ते म्हणाले की हे माझ्या आईच्या हातचं लागलं. गाबोळी आली होती, थोडीच, ती बाबांसाठी आणि आत्यासाठी.

कुणीही विचारलं नाही की रवा का नाही. काकूंनी कृती विचारली, ती सांगितल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

बाबांनी गोळी ताट आल्यावर घेतली, एक वडा आणि थोडा भात खाल्ला, दुसरा वडा त्यांना स्वतःलाच नको झाला.

13 जानेवारी, मंगळवार

वहिनीच्या बहिणीकडे पुढच्या महिन्यात बारसं आहे, वीस माणसं, तिने प्रमाण मागितलंय, म्हणून इथेच लिहिते. टिक्का दीड किलो साफ केलेला रावस, त्याला पाऊण किलो दह्याचा चक्का (टांगल्यावर साधारण निम्मा उरतो), तीळ दोन वाट्या आणि जवस अर्ध्या वाटीच्या थोडं वर. पुड्या पंचवीस, मासा 900 ग्रॅम, दोन मोठे नारळ चटणी आणि किसमूर मिळून, केळीची पानं सहा घ्या, एखादं फाटतंच. सुरमई शेपटी दीड किलो हाडासकट. जवळा 150 ग्रॅम पुष्कळ होतो. काकड्या सरळ आणि जाड बघून घ्या, बारीक काकडीवर किसमूर बसत नाही.

रावस मिळाला नाही तर घोळ मासा चालेल, हलवा मासा टिक्क्याला चालेल पण पुडीला काटे बघून. बाळंतिणीला तिसऱ्या द्यायच्या की नाही ते त्यांच्या घरातल्या मोठ्यांना विचारून ठरवा, तिथे मी मत देणार नाही. आणि तिसऱ्या घेणार असाल तर मावशींना दोन दिवस आधी सांगा, आयत्या वेळी गेलात की वाटे संपलेले असतात.